तिसरा खांब चुकला

माझ्या हातून आजवर कितीतरी रिपोर्ट लिहून झाले असतील. त्यातला एक आठवला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि पंचाईत अशी की तो दुसऱ्या कुणी नाही, मीच लिहिलेला आहे. चार पानं. वर आमच्या संस्थेचं नाव, खाली माझी सही, आणि मधल्या रकान्यांत एका बाईच्या चालण्याची परीक्षा. तिचं काहीही चुकलेलं नसताना मी तिला त्या परीक्षेत नापास केलं.

माझं काम आधी सांगते, कारण सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींनाही ते धड माहीत नाही. पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. नवऱ्याला जुरोंग आयलंडवर नोकरी लागली म्हणून इथे आलो, आणि पुढे शिकून मी मोबिलिटी स्पेशालिस्ट झाले. ज्यांना दिसत नाही त्यांना पांढऱ्या काठीने एकट्याने हिंडायला शिकवायचं, हे ते काम. काठी केवढी रुंद फिरवायची, जिना कसा ओळखायचा, रस्ता ओलांडताना गाड्यांचा आवाज कसा ऐकायचा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे खुणा. लिफ्टमधून बाहेर पडलं की भिंत, भिंत संपली की टपालपेट्या, मग पहिला खांब, दुसरा, तिसऱ्या खांबाला काठी लागली की उजवीकडे वळायचं. असा खुणेगणिक रस्ता पाठ करून घ्यायचा. लोक मात्र विचारतात, "म्हणजे तुम्ही आंधळ्यांना हात धरून फिरवता? छान, पुण्य लागतं." मला या पुण्याचा फार राग येतो. हात धरावा लागू नये यासाठीच तर मी आहे.

ज्यांचा तो रिपोर्ट, त्या ताईंची आणि माझी ओळख गणपतीत झाली, आणि तीही भांडणातून. त्या मूळच्या दादरच्या, हिशेबनीस म्हणून इथे अनेक वर्षं नोकरी केलेल्या. चाळिशीच्या सुमाराला डोळ्यांचा आजार वाढत गेला आणि पन्नाशीच्या आत पूर्ण अंधार झाला. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. बिशानच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत, म्हणजे त्या आणि त्यांची काळी लॅब्राडोर. गाइड डॉग, परदेशात शिकून आलेली. तिचं नाव मी सांगत नाही, कारण ताई ते कुणाला सांगतच नसत. नाव कळलं की लोक हाका मारतात, आणि कामावर असलेल्या कुत्र्याचं लक्ष उडतं.

तर गणपती. एका कॉन्डोच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमली होती. ताई दारात आल्या आणि एक गृहस्थ, चांगले बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले, हात जोडून पुढे झाले. "ताई, या ना, या. फक्त याला खाली गार्डकडे ठेवूया का? आरती आहे, नैवेद्य आहे, लहान मुलं आहेत."

ताई म्हणाल्या, "ठेवते. तुम्ही तुमचा चष्मा ठेवा, मी हिला ठेवते."

ताईंना तेवढं उत्तर पुरेसं होतं. मला पुरलं नाही. मी मधे पडले आणि आरती पंधरा मिनिटं लांबेपर्यंत त्या गृहस्थांना कायदा ऐकवला. बसमध्ये चालते, मेट्रोत चालते, हॉटेलात चालते, आणि तुमच्या बाप्पाला चालत नाही? ज्याचं वाहन उंदीर आहे त्याला? नवरा मागून माझा पदर ओढत होता. शेवटी कुत्री हॉलमध्ये आली, ताईंच्या खुर्चीखाली शिरली आणि आरतीभर झोपली. घरी जाताना मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, यू सो फिअर्स, लाह." मला बरं वाटलं. आपण ताईंच्या बाजूचे आहोत असं वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ताईंना नोकरी मिळाली. आंग मो किओच्या औद्योगिक भागात इलेक्ट्रॉनिक्सची एक कंपनी होती, तिथे हिशेबाच्या खात्यात जागा होती. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ताई डोळस माणसापेक्षा भराभर काम करत, ते त्यांनी मुलाखतीत करूनच दाखवलं होतं. या वयात, या परिस्थितीत, तीन वर्षं घरी बसल्यावर मिळालेली जागा. कंपनीची एकच अट होती. बाई घरापासून ऑफिसपर्यंत सुरक्षितपणे, स्वतंत्रपणे येऊ शकतात असा मोबिलिटी स्पेशालिस्टचा दाखला महिनाअखेरीपर्यंत हवा.

आता या अटीचाही मला राग आहेच. ज्यांना दिसतं त्यांच्याकडे कुणी असा दाखला मागत नाही, आणि फोनमध्ये डोकं घालून खांबावर आपटणारी डोळस माणसं मी रोज पाहते. पण दाखला मागितला होता आणि तो देणारी मी होते. ताई फोनवर म्हणाल्या, "तुम्हीच येणार म्हणताहेत. मग काळजी नाही."

मी काळजीचं कारण होते हे दोघींनाही माहीत नव्हतं.

सकाळी आठला मी क्लिपबोर्ड घेऊन त्यांच्या ब्लॉकखाली हजर झाले. फॉर्म तयार होता, आमच्या संस्थेचा नेहमीचा. घर ते बसस्टॉप, बस, उतरल्यावर ते ऑफिसचं दार. प्रत्येक टप्प्यावर खुणांची यादी, आणि पुढे दोन चौकोन: सापडली, चुकली. मी स्वतःच आदल्या दिवशी रस्ता चालून यादी भरली होती. टपालपेट्या. तिसरा खांब. गटारावरची लोखंडी जाळी. बसस्टॉपच्या बाकाचा कोपरा.

ताई लिफ्टमधून आल्या. डाव्या हातात कुत्रीच्या पट्ट्याचं, म्हणजे हार्नेसचं हँडल, पाठ ताठ, पाऊल झपझप. त्या चालायला लागल्या आणि मी जवळजवळ पळायला लागले. टपालपेट्यांच्या जवळपासही त्या गेल्या नाहीत. पहिला खांब आला, कुत्रीने हलकेच वळण घेतलं, पुन्हा सरळ. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी मागून म्हटलं, "ताई, तिसरा खांब चुकला."

"खांब चुकवायलाच आहे ती," ताई न थांबता म्हणाल्या.

मी हसले आणि 'चुकली' या चौकोनात खूण केली. विनोद चांगला होता, पण परीक्षा ती परीक्षा, असा माझा आव.

पुढे वळण आलं. माझ्या यादीप्रमाणे ते जाळीपाशी घ्यायचं होतं, आणि कुत्री जाळीला वळसा घालून पुढे निघाली. मी सवयीने म्हटलं, "लेफ्ट, लेफ्ट!" आमच्याकडे हे शब्द दिवसभर तोंडात असतात. कुत्री गोंधळून थांबली, तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि ती डावीकडे वळली, थेट सायकलींच्या रांगेकडे. ताईंना झटका बसला. त्यांनी तिला थांबवलं, पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"मॅडम, जे काय सांगायचं ते मला सांगा. आणि मराठीत सांगा. डावीकडे म्हणा, उजवीकडे म्हणा. हिला इंग्रजी कळतं, मराठी कळत नाही."

मी सॉरी म्हटलं. आणि लिहिलं काय? 'दिशा चुकली.' त्याच्याखाली, 'कुत्रा आज्ञेवर ठाम नाही, लक्ष विचलित होते.' लक्ष मीच विचलित केलं होतं. ते लिहायला रकाना नव्हता.

रस्ता ओलांडताना मी त्यांचा डावा दंड धरला, म्हणजे बरोबर कुत्रीच्या आणि त्यांच्या मधे घुसले. त्यांनी हात सोडवून घेतला. 'मदत नाकारते,' असं मी लिहिलं. कंपनीच्या इमारतीपाशी पोचल्यावर एकसारखी तीन काचेची दारं होती. मधलं आपलं हे कळायला माझ्या यादीत दाराशेजारची कुंडी होती, कुत्रीने कुंडीला वळसा घातला, ताई तिसऱ्या दाराशी गेल्या. 'अंतिम ठिकाण: सापडले नाही.'

संध्याकाळी मी बेरीज केली. शिफारस लिहिली: सध्या कुत्र्यासह या मार्गावर स्वतंत्र प्रवास सुरक्षित नाही, काठीचे प्रशिक्षण पुन्हा घ्यावे. मला वाईट वाटलं, हो, पण माझ्या तटस्थपणाचं थोडं कौतुकही वाटलं. ओळखीची बाई असूनही मी गुण वाढवले नाहीत, बघा! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणारी उत्तम नाचत होती, परीक्षकालाच नाच कळत नव्हता.

रिपोर्ट गेला. दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. त्यांनी तो फोनवर वाचून घेतला होता, यंत्राच्या त्या सपाट आवाजात.

"हा रिपोर्ट माझ्याबद्दल नाही," त्या म्हणाल्या. "हा काठीबद्दल आहे. माझ्या हातात नसलेल्या काठीबद्दल."

"ताई, मी इतकी वर्षं हे काम करतेय."

"काठीचं. माझ्याकडे काठी होती तेव्हा मी तुमच्या खांबांना मिठ्या मारत चालायचे, घरून बसस्टॉपला चाळीस मिनिटं लागायची. आता बारा लागतात. ते लिहिलंय का कुठे?"

मी दुखावले. चक्क दुखावले! फोन ठेवल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, माझी बाजू घेईल म्हणून. तो शर्टाची घडी घालत म्हणाला, "अगं, म्हणजे तू कुत्रीला काठीच्या पेपरात बसवलंस?" त्याचं इंजिनियरचं डोकं, दोन वाक्यांत मुद्द्यावर येतं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

पुढच्याच आठवड्यात प्रशिक्षण होतं. गाइड डॉग वापरणाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या मोबिलिटी स्पेशालिस्टांसाठी तीन दिवसांचं. आणि हे सांगायलाच हवं: आदल्या वर्षीही ते होतं आणि मी नाव दिलं नव्हतं. "आपल्याकडे कुत्रा घेऊन चालणारे आहेत तरी किती?" असं मीच मीटिंगमध्ये म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या. मोजके आहेत म्हणून शिकायचं नाही, आणि शिकलो नाही म्हणून त्या मोजक्यांना नापास करायचं. या वेळीही मी गेले ती बॉसने नाव घातलं म्हणून, आणि कुरकुरतच गेले.

शिकवायला बाहेरून एक उंच, शांत माणूस आला होता. अनेक वर्षं कुत्र्यांना आणि माणसांना एकत्र शिकवलेला. पहिल्या दिवशी त्याच्याकडे एकही कुत्रा नव्हता, नुसताच हार्नेस होता. तो आम्हाला इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. म्हणाला, आज कुत्रा मी. हार्नेसचं पुढचं टोक त्याने हातात धरलं, हँडल माझ्या हातात दिलं, माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. काम सोपं होतं. दुसऱ्या खांबाशी वळून लिफ्टपर्यंत जायचं. त्या जागेत मी रोज शिकवते, तिथे मी काठीने झोपेतही चालेन, असं सहकाऱ्यांना ऐकवून मी निघाले.

दहा पावलं गेले. उजवा हात पुढे केला, खांब नाही. आणखी पाच. हँडल किंचित कलल्यासारखं वाटलं, पुन्हा सरळ झालं. खांब नाही. आता मी कुठे होते ते मला कळेना. मी थांबले, पट्टी ओढून काढली आणि त्या माणसावर ओरडले, "तुम्ही मला खांब लागूच दिला नाहीत!"

तो म्हणाला, "लागू दिला असता तर मी वाईट कुत्रा ठरलो असतो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या कानात ताईंचं वाक्य वाजत होतं, खांब चुकवायलाच आहे ती. मी एका कुत्रीला तिचं काम नीट केल्याबद्दल शून्य गुण दिले होते, आणि तिच्या मालकिणीला त्या गुणांवर घरी बसवलं होतं. मला तिथल्या तिथे रडू फुटलं, पण ते रागाचं होतं.

उरलेल्या दोन दिवसांत त्याने जे शिकवलं ते एकेक वाक्य माझ्या त्या चार पानांवर काट मारत गेलं. कुत्र्याबरोबर चालणाऱ्याला खुणा हाताला लागत नाहीत, त्या कानाला, पायाला, गालाला लागतात. छप्पर संपलं की आवाज मोकळा होतो. उतार पावलांना कळतो. एखादं नेमकं दार किंवा बटण हवं असेल तर ते कुत्र्याला ठिकाण म्हणून शिकवावं लागतं, पाचसहा वेळा, खाऊ देऊन. रस्ता माणसाला माहीत असतो, अडथळा कुत्र्याला. आपण उजवीकडे, दोन पावलं मागे राहायचं. आज्ञेचे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. दंडाला हात लावायचा नाही. माझी वही भरत होती आणि प्रत्येक ओळीपुढे मला ताई दिसत होत्या, यातलं अर्धं त्यांनी मला फुकट सांगितलं होतं. मी ते 'चुकली'मध्ये लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बॉसच्या खोलीत गेले. म्हटलं, माझा रिपोर्ट चुकीचा आहे, मागे घ्यायचाय.

"कॅनॉट, लाह," तो म्हणाला. माणूस वाईट नाही, पण सिस्टिममध्ये गेलेली गोष्ट त्याच्यासाठी दगडावरची रेघ असते. "सबमिट झालाय. रीअसेसमेंट हवी तर क्लायंटने नव्याने अर्ज करावा. नंबर लागेल."

"कधी?"

"सहा आठवडे. आठ."

"कंपनी महिनाअखेरीपर्यंतच थांबणार आहे. दहा दिवस राहिलेत."

त्याने हात पसरले. "आणि फॉर्म तोच असणार. कुत्र्यासाठी वेगळा फॉर्म नाही आपल्याकडे."

मी विचारलं, "मग आपण त्या बाईंची कसली परीक्षा घेतली?" तो म्हणाला, मी थकलेली दिसते. बाई चिडली की ती थकलेली असते, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

ताईंना फोन केला. "ताई, मी चुकले," एवढंच म्हटलं. पलीकडे कुत्री फरशीवर नखं वाजवत फिरत होती ते ऐकू येत होतं.

"फोनवर चुकले म्हणणं सोपं असतं," ताई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी सातला या. क्लिपबोर्ड आणू नका."

शनिवारी मी क्लिपबोर्ड नेला नाही. ताईंच्या उजवीकडे, दोन पावलं मागे चालले, आणि जे बोलले ते मराठीत. "ताई, इथे छप्पर संपतंय, वारा लागेल." "हो, गालाला लागला." "आता पायाखाली उतार." "कळला." कॉफीच्या टपरीवरचा वास आला की वळण, हे तर त्यांनीच मला सांगितलं, मी त्या टपरीवरून कैकदा गेले असूनही माझ्या यादीत तो वास नव्हता. बस आली, त्या चढल्या, कुत्री सीटखाली गेली. समोरच्या एका आजीने पाय वर घेतले, पण बोलली काही नाही.

कंपनीच्या इमारतीशी आम्ही मधलं दार शिकवायला घेतलं. ताई कुत्रीला दारापाशी नेत, दाराच्या हँडलला हात लावून दाखवत, खाऊ देत. मग दहा पावलं मागे. "फाइंड डोअर." पुन्हा मागे. सुट्टीचा दिवस, इमारतीत चिटपाखरू नव्हतं, एक म्हातारा गार्ड तेवढा खुर्ची घेऊन आमची मजा बघत बसला होता. पाचव्या वेळी आम्ही रस्त्याच्या पलीकडून सुरुवात केली. ताईंनी रहदारी ऐकली, पलीकडे आल्या, आणि कुत्री कुंडीला वळसा घालून सरळ मधल्या दाराशी गेली आणि हँडलला नाक लावून उभी राहिली. गार्डने टाळ्या वाजवल्या. ताई खाली बसल्या आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाल्या, बहुतेक तिचं नाव घेतलं असावं. मी मुद्दाम दोन पावलं आणखी मागे गेले.

त्या दुपारी मी फॉर्मशिवाय, साध्या कागदावर, दोन पानं लिहिली. काय पाहिलं, काय शिकवलं, बाई कशा येऊ-जाऊ शकतात. पहिलं वाक्य असं होतं: माझा आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे, तो गाइड डॉगबद्दलच्या माझ्या अज्ञानातून लिहिलेला आहे. बॉसने ते पाठवायला नकार दिला. मग ताईंना विचारून मीच कंपनीला पाठवलं. मला लेखी समज मिळाली. ती मी जपून ठेवली आहे, माझ्या कामाच्या कागदांत तिची मला लाज वाटत नाही.

कंपनीचं उत्तर महिनाअखेरीच्या आतच आलं, अतिशय गोड इंग्रजीत. सुरक्षेबाबतच्या सुरुवातीच्या अहवालानंतर त्यांनी दुसऱ्या उमेदवाराला जागा दिली होती. ताईंचं भविष्य उज्ज्वल असो. मूळ प्रमाणपत्रं घेऊन जावीत.

मी म्हटलं, "मी आणते ताई, तुम्ही कशाला."

"मी जाणार," त्या म्हणाल्या. "रस्ता येतो मला."

मी रजा टाकली आणि गेले, पण मागून, बोलायचं नाही असं ठरवून. कामाचा दिवस होता. बिशानला बसस्टॉपवर गर्दी होती, आंग मो किओला रस्त्यावर ट्रक होते. ताई एकदाही अडल्या नाहीत. छप्पर, वारा, उतार, कॉफी, बस, रस्ता. कुत्रीने मधलं दार शोधलं आणि नाक लावून उभी राहिली.

आतून एचआरची मुलगी लिफाफा घेऊन आली, तरुण, हसरी. तिने ताईंकडे बघितलं, कुत्रीकडे बघितलं, आणि मग ताईंच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे. पुढे येऊन लिफाफा तिने माझ्या हातात दिला. "थँक यू फॉर ब्रिंगिंग हर," ती म्हणाली.

"मी नाही आणलं!" माझा आवाज त्या लॉबीत घुमला. "त्या आल्यात. मी मागून आलेय. लिफाफा त्यांचा आहे!"

"ओके, ओके," मुलगी हसतच राहिली. तिला माझा राग कळला नाही, कारण तिने जे मानलं होतं ते माझ्याच रिपोर्टात लिहिलेलं होतं. ताईंनी हात पुढे केला. मी लिफाफा त्यांना दिला.

परतीच्या बसस्टॉपवर बाकावर बसून त्यांनी तो उघडला. प्रमाणपत्रं बोटांनी मोजली, एकेक कागद ओळखीचा होता. सगळ्यात वर पिन मारलेली चार पानं होती. त्यांनी पिन चाचपली.

"हे काय आहे?"

मी बघितलं. पहिल्या पानावर कुणीतरी पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या होत्या.

"माझा रिपोर्ट," मी म्हटलं. "पहिला."

"दुसरा आहे का?"

मी सगळे कागद पुन्हा पाहिले. "नाही."

"बरं." त्यांनी ती पानं माझ्याकडे धरली. "वाचा."

"ताई, तुम्ही ऐकलाय तो."

"यंत्राच्या आवाजात ऐकलाय. तुमच्या नाही."

मी पहिली ओळ इंग्रजीत सुरू केली. ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बाकाखाली कुत्री पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती, कान आमच्याकडे.

"मराठीत वाचा," ताई म्हणाल्या. "हिला इंग्रजी कळतं."

मग मी मराठीत वाचलं. टपालपेट्या, चुकल्या. तिसरा खांब, चुकला. इंग्रजीत जे तटस्थ दिसत होतं ते मराठीत शेजारणीच्या चहाडीसारखं निघालं. कुत्रा लक्ष देत नाही. बाई मदत नाकारतात. ठिकाण सापडलं नाही. आमची बस आली आणि गेली. मी थांबले की ताई मान हलवून 'पुढे' अशी खूण करत होत्या. चौथं पान संपलं. मी कागद मिटला.

"खाली सही असेल ना?" ताईंनी विचारलं. "कुणाची आहे, वाचा."

मी माझं नाव वाचलं.